विज्ञान प्रदर्शन: वजनरहित अवस्था खरोखर कशी दाखवायची? (थर्मोकोलचं मॉडेल नको)

मेथीचा_मोड
तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी आठवी-नववीच्या मुलांकडून वजनरहित अवस्थेवर काहीतरी बसवून घ्यायचं आहे. थर्मोकोलचं अवकाशस्थानक, वर चंदेरी कागद आणि शेजारी पाठ केलेलं भाषण हे नको. बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी घडलं पाहिजे.

नमुना म्हणून डोळ्यांपुढे आहेत ते अमेरिकी अंतराळवीर डॉन पेटिट यांचे प्रयोग. २००२-०३ मध्ये अवकाशस्थानकावर असताना त्यांनी शनिवारच्या सुट्टीत, हाताला लागेल त्या वस्तूंनी खेळ केले. प्लॅस्टिकच्या पिशवीत मीठ घालून हलवलं तर कण सुटे राहिले नाहीत, काही सेकंदांत त्यांचे गठ्ठे झाले. तारेच्या कड्यात पाण्याचा पडदा धरला. पुढे २०१२ मध्ये विणकामाच्या सुईला घासून विद्युतभार दिला आणि सिरिंजने थेंब सोडले, तर ते सुईभोवती घिरट्या घालू लागले. कुणी सांगितलं म्हणून नाही, 'बघू तरी काय होतंय' म्हणून.

शिवाय २०२५ मध्ये शुभांशु शुक्लांनी वर मूग आणि मेथीला मोड आणले, तो प्रयोग आपल्या बेळगावशेजारच्या धारवाडचा. त्यामुळे मुलांना विषय जवळचा वाटतोय.

शाळेच्या जिन्यावरून खाली मोकळी ३ मीटर उंची मिळते. खर्च पाचशेच्या आत. काय जमेल?

टमटम_मागची_सीट
परीक्षकांना खानापूर रस्त्याला टमटमच्या मागच्या सीटवर बसवा. खर्च वीस रुपये माणशी. वजन जातंय की नाही बघा.

उद्यमबाग_लेथ
@टमटम, हसण्यावारी नेऊ नका, हिशेब बरोबर आहे. उंचवट्यावरून जाताना वेगाचा वर्ग हा गुरुत्वप्रवेग गुणिले उंचवट्याच्या गोलाईची त्रिज्या एवढा झाला की सीट तुम्हाला वर ढकलायचं सोडते. ताशी ३६ कि.मी. म्हणजे सेकंदाला १० मीटर. त्यासाठी त्रिज्या साधारण १० मीटर पुरते. त्याहून टोकदार उंचवटा असला की डोकं टपाला.

शहापूर_साडी
एक मूलभूत शंका. अवकाशात गुरुत्वाकर्षण नाही म्हणून वस्तू तरंगतात. जिन्यावरून टाकलेल्या वस्तूवर तर गुरुत्वाकर्षण पूर्ण आहे. मग ती वजनरहित कशी? मुलांना चुकीचं शिकवलं जाईल.

चिकोडी_गुरुजी
चुकीचं उलट आत्ता शिकवलं जातंय, ताई. अवकाशस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० कि.मी. वर आहे. तिथे गुरुत्वप्रवेग ८.७ मी. प्रति सेकंद वर्ग भरतो. बेळगावात तो ९.७८ आहे. म्हणजे वर नव्वद टक्क्यांच्या जवळपास शिल्लकच आहे. स्थानक आणि आतली माणसं दोन्ही एकाच प्रवेगाने पडत असतात, फक्त आडवा वेग इतका की पृथ्वी खालून वळत जाते आणि ते जमिनीला टेकत नाहीत. पायाखालची फरशीसुद्धा तुमच्याबरोबर पडत असेल तर ती तुम्हाला ढकलणार कशी? वजन म्हणून आपल्याला जाणवतं ते हे ढकलणंच.

जिन्यावरून सोडलेल्या डब्यात तेच घडतं. फरक एवढाच की आपल्याला ३ मीटरला ०.७८ सेकंद मिळतो.

बाई, म्हणून माझं पहिलं सांगणं: प्रयोग आधी निवडू नका. पाऊण सेकंदात काय उरकतं ते आधी बघा. उंची चौपट केली तर वेळ फक्त दुप्पट होतो, त्यामुळे उंचीच्या मागे लागून फायदा नाही.

गोकाक_करदंट
उंचीच्या मागे लागून फायदा नाही कसा? आमचा धबधबा ५२ मीटर आहे. सव्वातीन सेकंद मिळतात!

उद्यमबाग_लेथ
कागदावर मिळतात. ३० सें.मी. लांबी-रुंदीची, ५ किलोची पेटी घ्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ५२ मीटर पडून खाली पोचताना तिचा वेग सेकंदाला २४-२५ मीटर असेल आणि विरोध तिच्या वजनाच्या सत्तर टक्के. म्हणजे पेटीच्या आत सत्तर टक्के वजन परत आलेलं. शेवटी शेवटी आत काही तरंगतच नाही. शिवाय पेटी हुडकायला घटप्रभेत उतरणार कोण?

जर्मनीत ब्रेमेनच्या मनोऱ्यात पडायला ११० मीटर आहेत आणि ४.७४ सेकंद मिळतात, कारण नळीतली हवा आधी उपसून काढतात. हवा काढली नाही तर एवढा मनोरा बांधून उपयोग नाही.

हाच दोष ३ मीटरलाही आहे, फक्त कमी. १ किलोची तीच पेटी ३ मीटर पडली की शेवटच्या क्षणी विरोध ३.३ न्यूटनच्या आसपास, वजनाचा तिसरा हिस्सा. ५ किलो केली तर सात टक्के. म्हणून थर्मोकोलची हलकी मोठी पेटी सोडून 'काहीच तरंगलं नाही' म्हणणाऱ्यांची पेटी चुकलेली असते, सिद्धांत नाही. पेटी लहान आणि जड करा. तळाला वाळूची पिशवी, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी.

मेथीचा_मोड
हे नवीन कळलं. मग सुरुवात सगळ्यात साध्या प्रयोगाने करू का? बाटलीला भोक पाडून सोडायची तो?

चिकोडी_गुरुजी
करा, पण नीट करा. १ लिटरची बाटली, तळापासून ३ सें.मी. वर समोरासमोर दोन भोकं, तापवलेल्या खिळ्याने, ५ मि.मी. ची. लहान भोकातून धार लांबून दिसत नाही. पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन-तीन खडे टाका. जांभळी धार पांढऱ्या भिंतीसमोर छान दिसते.

झाकण काढलेलं असलं पाहिजे. निम्मे लोक इथेच फसतात. झाकण लावून धार थांबली तर ती हवा आत जात नाही म्हणून थांबलेली, पडण्याशी तिचा संबंध नाही. परीक्षक हुशार असला तर पहिला प्रश्न हाच विचारेल.

मग मुलांना एक पैज लावायला सांगा: बाटली सरळ वर फेकली तर वर जाताना धार येईल की नाही? सगळे म्हणतात येईल. येत नाही. हात सुटला त्या क्षणापासून बाटली आणि पाणी दोघांचा प्रवेग एकच, खाली ९.७८. वर चाललेत की खाली याच्याशी देणंघेणं नाही. खाली पडताना थांबलेली धार सगळे 'हां' म्हणून मान्य करतात, वर जातानाची बघून तोंड उघडं राहतं.

टमटम_मागची_सीट
आणि परमँगनेट परीक्षकांच्या पांढऱ्या शर्टवर पडलं की त्यांचं वजन चांगलंच जाणवतं.

रानवाट_जांबोटी
व्हिडिओबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. उघड्या डोळ्यांना पाऊण सेकंद म्हणजे 'पडलं' एवढंच. सगळा प्रयोग खरं तर स्लो मोशनमध्ये दिसतो. फोनवर सेकंदाला २४० चौकटी (फ्रेम) असतील तर ०.७८ सेकंदात १८७ चौकटी मिळतात, ३० च्या वेगाने चालवल्या तर सहा सेकंद. १२० वाला फोन असेल तर तीन सेकंद. तेवढ्यात बोट ठेवून दाखवता येतं.

फोन पेटीच्या आत, प्रयोगासमोर बसवायचा. फोकस आणि प्रकाश दोन्ही लॉक करा, नाहीतर पडताना कॅमेरा फोकस हुडकत बसतो आणि नेमकं तेव्हाच सगळं धूसर. आत बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा ठेवा. खोलीतल्या विजेच्या दिव्यांवर भरवसा नको, स्लो मोशनमध्ये ते सेकंदाला शंभर वेळा मिचकतात आणि चित्रावर पट्टे सरकतात.

झेलायला गादी नको, उसळते. आमच्या खानापूर भागात भाताचं तूस फुकट मिळतं, पोत्यात सैल भरायचं, गच्च नाही. ३ मीटर पडून ३० सें.मी. तुसात थांबलं तर सरासरी दहापट झटका. फरशीवर पातळ स्पंज टाकून ३ सें.मी. त थांबवलं तर शंभरपट. फोनचा कॅमेरा पहिल्यात वाचतो.

उसाचं_पाचट
तूस नसलं तर उसाचं पाचट घाला की. अथणीत पायजे तेवढं. फक्त कोरडं बघून घ्या, ओलं पाचट दगडासारखं बसतंय.

शहापूर_साडी
गुरुजी, फरशीचं पटलं. पण माझी मुलगी विचारते, मेणबत्ती पडताना विझेल का?

चिकोडी_गुरुजी
विझू नये. आणि हा प्रयोग ०.७८ सेकंदात बरोबर बसतो, म्हणून तपशिलात लिहितो.

चकली-बिस्किटांची रुंद तोंडाची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी, ३ ते ५ लिटर. काचेची अजिबात नाही. बरणी उलटी वापरायची: झाकण खाली, त्यावर मध्यभागी वाढदिवसाची बारीक मेणबत्ती मेणानेच चिकटवायची, ३ सें.मी. उंच, जास्त नको. मोठी मेणबत्ती जास्त काजळी करते. झाकणाच्या खालच्या बाजूला दीड किलो वाळूची पिशवी घट्ट बांधायची, म्हणजे बरणी पडताना कलंडत नाही आणि हवेचा परिणाम पाच टक्क्यांच्या आसपास राहतो. पेटवा, बरणी वरून फिरवून बंद करा, ज्योत स्थिर होऊ द्या, पाच-सात सेकंदांत सोडा. जास्त थांबलात तर आतला ऑक्सिजन कमी होऊन ज्योत आधीच मलूल झालेली असते, मग फरक कशामुळे ते सांगता येत नाही.

आता चौकटी बघा. हातात असताना ज्योत लांबट, वर निमुळती, पिवळी. तो पिवळा रंग म्हणजे तापलेली काजळी. गरम हवा हलकी, ती वर जाते, खालून थंड हवा येते, त्या वाऱ्याने ज्योत ओढली जाते. बरणी सुटली की 'हलकं' आणि 'जड' यांना अर्थच उरत नाही. गरम हवा वर जायची थांबते. पुढच्या चौकटींमध्ये टोक खाली बसत येतं, ज्योत वातीभोवती गोळा होते, पिवळेपणा कमी होऊन निळसर कड दिसायला लागते. तूस लागलं की भक्कन पुन्हा लांब.

निळी कड दिसायला खोलीत अंधार आणि आतला एलईडी बंद हवा. या एका प्रयोगापुरता रानवाट यांचा सल्ला बाजूला ठेवा.

जवळ पाण्याची बादली आणि ओलं पोतं. तूस पेटतं, हे विसरू नका. झाकण घट्ट फिरवलेलं आहे ना ते सोडणाऱ्याने स्वतः बघायचं.

रानवाट_जांबोटी
मान्य. एक भर: बरणी वर फेकून हा प्रयोग करू नये. बाटलीला चालतं, ज्योतीला नाही. फेकताना आतली हवा हिंदकळते आणि ज्योत त्यानेच विझते.

निपाणी_७
फोनमध्ये फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, ते प्रवेगाचा आलेख काढतं. तो आलेख प्रयोगाशेजारी छापून लावा. त्यात दोन सेन्सर दिसतात, 'जीसह' आणि 'जीविना'. 'जीसह' घ्यायचा. टेबलावर तो ९.८ दाखवतो आणि पडताना शून्याजवळ येतो, हेच दाखवायचंय. 'जीविना' निवडला तर टेबलावर शून्य आणि पडताना ९.८ च्या आसपास. सगळं उलटं, आणि मुलं गोंधळतात.

आलेख शून्यावर न येता दीड-दोनवर थांबला तर पेटी फिरतेय. सेकंदाला एक गिरकी आणि सेन्सर मध्यापासून ५ सें.मी. दूर, एवढ्याने जवळपास २ मी. प्रति सेकंद वर्ग येतो. दोष सोडण्यात असतो. दोन हातांनी सोडलं की एक हात आधी सुटतोच.

मेथीचा_मोड
मग सोडायचं कसं?

उद्यमबाग_लेथ
पेटी एका दोऱ्याने वरून टांगायची आणि दोरा जाळायचा. कात्रीने कापला तर बाजूला झटका बसतो.

आणि हवेचा परिणाम जवळजवळ शून्यावर आणायचा असेल तर पेटीत पेटी. बाहेरची पेटी हवा अंगावर घेते, आतली तिच्या आत मोकळी पडते. दोन्हींचे दोरे वर एकाच गाठीत बांधायचे, आतल्या पेटीचा दोरा बाहेरच्या झाकणातल्या भोकातून काढायचा, आणि गाठीच्या वरचा एकच दोरा जाळायचा. बाहेरची ५ किलोची, ३० सें.मी. ची असेल तर ३ मीटरच्या पडण्यात ती आतलीच्या साडेतीन सेंटीमीटर मागे पडते, म्हणजे आतली तिच्या तळाकडे सरकते. आतलीच्या खाली निदान ५-६ सें.मी. मोकळी जागा ठेवा. जागा कमी ठेवली तर मध्येच तळाला टेकते आणि आलेखावर एक छोटी टेकडी दिसते.

गोकाक_करदंट
करदंटाचा (आमच्या गोकाकची मिठाई) रिकामा खोका कुठे वापरता येईल का? घरात थप्पी लागलीय.

निपाणी_७
येतो की, आणि त्याला पाडायचीही गरज नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही वेगळी असलेला खोका, रबराने घट्ट बांधलेला, आत काही हलत नाही असा. तीन बाजूंना तीन रंग. सगळ्यात लांब अक्षाभोवती गिरकी देऊन वर उडवा, नीट फिरतो. सगळ्यात आखूड अक्षाभोवती, नीट फिरतो. मधल्या अक्षाभोवती उडवा, हवेतच पलटी मारतो, कितीही सफाईने फेका. १९८५ मध्ये सॅल्युत-७ या सोव्हिएत अवकाशस्थानकावर अंतराळवीर व्लादिमिर जानिबेकोव यांना मळसूत्रावरून सुटलेला पंखांचा नट असाच पलट्या खाताना दिसला. तिथे तो बराच वेळ दिसला, आपल्याला एका उडीत एक-दोन पलट्या.

खोक्यात अर्धवट करदंट असेल तर प्रयोग बिघडतो. आधी संपवा.

शहापूर_साडी
पाण्याचे गोळे मात्र दाखवता येणार नाहीत ना? मुलांना तेच हवं असतं. शुक्लांचा तो हवेतला पाण्याचा गोळा.

रानवाट_जांबोटी
पाऊण सेकंदात मोठा गोळा बसत नाही. पाण्याला आकार घ्यायला लागणारा वेळ आकारावर अवलंबून असतो. त्रिज्या १ सें.मी. असेल तर सुमारे ०.१२ सेकंद, ३ सें.मी. असेल तर ०.६. मोठा गोळा हिंदकळतानाच तूस येतं. त्यापेक्षा २ सें.मी. व्यासाची काचेची चाचणी नळी अर्धी भरा, दोन्ही बाजूंनी स्पंजने गुंडाळून पेटीत उभी बसवा. सोडली की पाण्याची वरची पातळी कडांनी वर चढते आणि मध्ये खोल वाटी होते. नळी आधी साबणाने धुऊन खळखळून घ्या, तेलकट काचेवर पाणी चढत नाही.

पेटिट यांचा कॉफीचा कप याच तत्त्वावर आहे. २००८ मध्ये त्यांनी प्लॅस्टिकचा कागद वाकवून थेंबाच्या आकाराचा कप केला, एका बाजूला टोकदार कोपरा. द्रव कोपऱ्यातून आपणहून ओठापर्यंत येतो. नियम असा: द्रव भिंतीला ज्या कोनात टेकतो तो कोन, अधिक कोपऱ्याच्या कोनाचा निम्मा, ही बेरीज ९० अंशांच्या आत हवी. प्लॅस्टिकवर साधं पाणी ७०-८० अंशांत टेकतं, म्हणून कोपरा फारच अरुंद करावा लागतो. भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला, काम सोपं होतं.

चिकोडी_गुरुजी
गोळाच हवा असेल तर पडण्याचा नाद सोडा. प्लॅटो नावाच्या बेल्जियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात काढलेली युक्ती वापरा (तत्त्वज्ञ प्लेटो वेगळा). अल्कोहोल आणि पाणी अशा प्रमाणात मिसळायचं की मिश्रणाची घनता तेलाएवढी होईल. मग तेल बुडत नाही की तरंगत नाही, मधोमध गोल होऊन उभं राहतं. पृष्ठताण सोडून दुसरं कुणी ओढत नाही. तासन्‌तास टिकतं, परीक्षकांना रांगेत उभं करून दाखवा.

शेंगदाणा तेलाची घनता ०.९१५ च्या आसपास. ११० मि.ली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ९० मि.ली. पाणी. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचंच मिळालं तर त्याचे १६० आणि पाणी ४०. मिसळल्यावर बुडबुडे येतात आणि थोडं गरम होतं, अर्धा तास तसंच ठेवा. मग सिरिंजने, टोक मिश्रणात बुडवून, ५ मि.ली. तेल हळू सोडा. खाली बसलं तर पाणी थेंबथेंब वाढवा, वर आलं तर अल्कोहोल. शेवटी एकेक थेंबाने फरक पडतो, घाई केली की गोळा दुसऱ्या टोकाला.

हात धुवायचं घट्ट सॅनिटायझर वापरू नका, त्यात बुडबुडे अडकून राहतात. आणि मेणबत्तीचं टेबल यापासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही प्रयोग एकाच टेबलावर मांडले तर पारितोषिकाऐवजी अग्निशमन दल येईल.

उसाचं_पाचट
तेलाला रंग द्यायला हळद घाला, झकास दिसंल.

निपाणी_७
हळद नको. तिचा रंग अल्कोहोलमध्येही विरघळतो, थोड्या वेळाने सगळा ग्लास पिवळा आणि गोळा फिका. कुंकू आणि पाण्याचे रंग तेलात उतरतच नाहीत. ब्याडगी मिरची कोमट तेलात तासभर ठेवून फडक्यातून दोनदा गाळा. लाल रंग बहुतांश तेलातच राहतो. गाळलं नाही तर भुकटीचे कण खाली ओघळतात आणि गोळ्याला शेपूट फुटतं.

टमटम_मागची_सीट
म्हणजे मिसळीची तर्री अवकाशात गोल दिसंल. शास्त्राने शेवटी कामाचं काहीतरी शोधलं.

रानवाट_जांबोटी
ग्लास गोल घेऊ नका. गोल ग्लासमधला द्रव भिंगासारखं काम करतो आणि गोळा आडवा ताणलेल्या अंड्यासारखा दिसतो. मग मुलं म्हणतात 'गोल कुठाय?' चौकोनी बरणी घ्या, सपाट बाजूने बघा. उन्हात ठेवू नका, तापमान बदललं की घनता बदलते आणि गोळा निघाला वर किंवा खाली.

मेथीचा_मोड
छान! आणि मुगाचं काय? धारवाडशी जोडता येईल असं काही? पाऊण सेकंदात मोड येत नाहीत एवढं मलाही कळतं.

निपाणी_७
संथ फिरवायचं यंत्र करा. १२ व्होल्टची, मिनिटाला १० फेऱ्यांची गिअर मोटर मिळते, ती ५ व्होल्टच्या मोबाईल चार्जरवर लावली की साधारण ४ फेऱ्या होतात. अक्ष आडवा ठेवा. प्लॅस्टिकच्या डबीच्या झाकणात ओला कापूस, त्यावर रात्रभर भिजवलेले चार मूग अगदी मध्याजवळ, वर जाळीचं कापड ताणून, डबी मोटरच्या दांड्याला. शेजारी अशीच दुसरी डबी उभी, न फिरवता. दोन-तीन दिवसांत न फिरवलेल्या डबीत सगळी मुळं खाली वळलेली, फिरवलेल्या डबीत जो तो आपल्या दिशेने.

चिकोडी_गुरुजी
प्रयोगाला हरकत नाही, पण तक्त्यावर 'वजनरहित मूग' लिहिलं तर माझा आक्षेप. मुळाच्या टोकात स्टार्चचे जड कण असतात, ते ज्या बाजूला बसतात ती मुळाला 'खाली' वाटते. तुम्ही डबी फिरवता तेव्हा गुरुत्वाकर्षण तसंच पूर्ण असतं, फक्त कणांना एका बाजूला बसायला सवड मिळत नाही. शुक्लांच्या मुगाला खरोखर वजन नव्हतं. तुमच्या मुगाला दिशा कळत नाहीये एवढंच.

निपाणी_७
मान्य. 'दिशा हरवलेले मूग' लिहू. पण फिरवण्याचा प्रवेग किती ते तरी तक्त्यावर येऊ द्या: मध्यापासून १ सें.मी. वर, ४ फेऱ्यांना, गुरुत्वाच्या दोन दशहजारांशाहून कमी. मोटर जोरात पळवली, मिनिटाला ६० फेऱ्या आणि ५ सें.मी. वर मूग, तर गुरुत्वाच्या पाचव्या हिश्श्याएवढा होतो आणि मुळं बाहेरच्या बाजूला झुकायला लागतात. १८०६ मध्ये इंग्लंडात टॉमस नाइटने पाणचक्कीवर हेच करून दाखवलं होतं.

कापूस रोज ओला करताना मोटर दहा मिनिटांच्यावर थांबवू नका. तेवढ्यात मूळ आपली बाजू ठरवायला लागतं.

गोकाक_करदंट
आणि मिठाचे गठ्ठे? ते सगळ्यात सोपं वाटलं होतं.

रानवाट_जांबोटी
तेच आपल्याकडे सगळ्यात अवघड. कण हलवताना एकमेकांना घासून विद्युतभारित होतात आणि चिकटतात, पण जमिनीवर ते आधी तळाला जाऊन बसतात. आपल्या पाऊण सेकंदात गठ्ठे जेमतेम सुरू होतील. त्यात आपली हवा. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, मग चिकटलं ते भाराने की ओलाव्याने, कोण सांगणार? स्थिर विजेचं काहीही करायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि जांबोटीपेक्षा अथणीला.

मेथीचा_मोड
ठरलं. बाटली, मेणबत्तीची बरणी, तेलाचा गोळा, आणि 'दिशा हरवलेले मूग'. करदंटाचा खोका बघणाऱ्यांच्या हातात. मिठाचा नाद सोडला. एकच राहिलं: बरणी टांगायला शाळेत नायलॉनचा दोरा पडलाय, तो चालेल ना?

उद्यमबाग_लेथ
नको. नायलॉन जळत नाही, आधी वितळून लांबतो, बरणी सावकाश खाली येऊन मग सुटते आणि वितळलेला थेंब हातावर. सुती घ्या, पांढरा, शिवणाच्या दोऱ्याचे सहा पदर एकत्र पिळून. एवढ्यावर दोन किलो आरामात टांगलं जातं, पण आधी बरणी न पेटवता टांगून दहा मिनिटं बघा. पेटवायला अगरबत्ती, काडी नको. काडीने सगळे पदर एकदम पेटत नाहीत, माणूस पुन्हा पुन्हा काडी लावत बसतो आणि तोवर ज्योतीची पाच-सात सेकंद संपलेली असतात. अगरबत्तीचा निखारा दाबून धरला की पदर एकामागून एक पण झटपट तुटतात.

चिकोडी_गुरुजी
अगरबत्ती धरणारा आणि बरणी बंद करणारा वेगळे ठेवा. आणि बंद करणारा 'झालं' म्हणाल्याशिवाय निखारा दोऱ्याजवळ न्यायचा नाही.